बरणीवरची पिवळी माती

शीशियाचा डोंगर
उंदराचं वर्ष, सहावा महिना, विसावी तिथी

सूवेन,

हे पत्र तू फोडशील की तसंच चुलीत घालशील, मला माहीत नाही. चुलीत घालणार असलीस तरी आधी एवढं वाच, की हे कामाचं पत्र आहे. रडणं-भेकणं यात काही नाही.

काम असं आहे. नवव्या महिन्याच्या नवमीला करायच्या दारूचं खमीर याच उन्हात थापून ठेवावं लागतं, आणि आपल्या घरात ते तू थापायचीस. गव्हाचा कोंडा किती घ्यायचा, भरडा किती, आणि ओढ्याकाठचा तो तिखट पाला कुटून घालायचीस तो किती, एवढं कळव. मी विसरले. वय झालं, डोकं म्हणजे चाळण झालंय.

इकडे सगळं ठीक आहे. काकड्या कडू निघाल्या, दुधी चांगला आला. हू वहिनीच्या कोंबड्या अजून आपल्याच वाफ्यात चरतात आणि अंडी मात्र तिच्या घरी घालतात. म्हातारा बरा आहे. जेवतो, झोपतो, संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसतो. माझ्याशी बोलण्यापेक्षा बैलाशी जास्त बोलतो, पण ते तू होतीस तेव्हाही तसंच होतं.

मानत्सांगच्या थडग्यावरचं गवत मी काढलं. पायथ्याशी एक रानशेवंतीचं रोप आपसूक आलंय, ते ठेवलं.

तुझ्या नव्या घरी सगळं बरं असेल. खांग सायकली दुरुस्त करतो असं ऐकलं. हाताला काम असलेला पुरुष बरा, निदान दिवसभर घरात लुडबुडत नाही.

उत्तर बसवाल्याकडे दिलंस तरी पोचेल.

मानत्सांगची आई

ता.क. गेल्या नवमीची दारूची बरणी जागेवरच आहे, गोठ्यातल्या गार कोपऱ्यात. तुम्ही ठेवलीत तशी.


सातवा महिना, अकरावी

सूवेन,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. तीन कोंड्याच्या, एक पाल्याची. आणि वर मायना काय, तर "काकू".

मी ते पत्र घेऊन ओट्यावर बसले आणि बराच वेळ नुसतं ते काकू बघत राहिले. मला समजतं गं. बाईनं दुसरं घर केलं की आई म्हणायला दुसरी सासू येते, दोघींना आई म्हटलं तर एकीच्या तरी कपाळाला आठी पडणार. पण काकू? काकू तर हू वहिनीला म्हणतात. तिला तू कधी चिमूटभर मीठसुद्धा उसनं दिलं नाहीस.

असो. आता खरं सांगते. खमीर थापायला मला येतं. तुला कुणी शिकवलं? मीच ना? लग्न होऊन आलीस तेव्हा तुला धड चूल पेटवता येत नव्हती, सगळं घर धुरानं भरवून ठेवायचीस आणि मानत्सांग म्हणायचा, "आई, बायको नाही, माशा हाकलायला धुरी आणलीय." तुला आठवत असेल. पण मी जर लिहिलं असतं की पोरी, कशी आहेस, तर तू उत्तर दिलं नसतंस. म्हणून कोंड्याचं विचारलं. कुणी काम सांगितलं की तुझ्या तोंडातून नाही निघत नाही, हे मी ओळखून आहे. त्याचाच फायदा घेतला. राग आला असेल तर येऊ दे.

आता दुसरं खरं. मला ती बरणी उघडायची आहे आणि ती तुझ्या हातानं उघडायची आहे.

गेल्या नवमीला तुम्ही दोघं माथ्यावर गेला होता. मानत्सांग शेवंती देठा-पानासकट खुडत होता, नुकती उमललेली तेवढीच, आणि तू दगडावर बसून किडकी बाजूला काढत होतीस. तो मुद्दाम किडकी टाकत होता तुझ्या ओटीत, म्हणजे तू ओरडावंस. घरी येऊन राळे शिजवले, फुलं मिसळली, खमीर चुरलं. बरणीच्या तोंडावर कमळाचं पान तू बांधलंस, त्यावर माथ्यावरची तांबडी माती त्यानं लिंपली आणि मधोमध अंगठा दाबला. आणि म्हणाला, "पुढच्या नवमीला सगळे इथेच, मोजून घ्या."

आपल्याकडे शेवंतीची दारू त्याचसाठी करतात. दारू काय, एरवीही प्यायला मिळते. ही मात्र आज करायची आणि वर्षानं प्यायची. बरणी बंद करणारा माणूस म्हणत असतो की पुढच्या वर्षी मी आहे, तुम्हीही असा. आणि ज्यानं बंद केली त्यानंच उघडायची. तो आता नाही. पण पान तू बांधलं होतंस. अर्धी बरणी तुझी आहे.

मला माहीत आहे तू का येणार नाहीस. मानत्सांगला अंगणात आणून ठेवला होता, तेव्हा म्हातारा सगळ्या वाडीसमोर तुला पांढऱ्या पायाची म्हणाला. तू कोळसा आणायला सांगितलास म्हणून तो ट्रॅक्टर घेऊन गेला आणि घाटात उलटला, असं त्याचं म्हणणं. बर्फ पडायला लागलं की कोण कोळसा सांगत नाही? तू नसतं सांगितलंस तर मी सांगितलं असतं. तू आत निघून गेलीस म्हणून पुढचं बघितलं नाहीस. माझ्या हातात पळी होती, ती मी त्याला फेकून मारली. प्रेताला आलेल्या माणसांनी मला धरून बाजूला नेलं. पळीला अजून पोचा आहे, त्यामुळे आमटी वाढताना एका बाजूनं सांडते, आणि म्हातारा गुपचूप पुसून घेतो.

नवमीला ये.

मानत्सांगची आई


आठवा महिना, तिसरी

सूवेन,

तुझं पत्र आलं. या वेळी काकूही लिहिलं नाहीस, मायना रिकामाच सोडलास. म्हटलं, चला, काकू तर गेली.

तू विचारतेस की येऊ ती कोण म्हणून येऊ. सून आता नाही. पाहुणी म्हणून त्या दारात उभं राहवणार नाही. बरोबर आहे तुझं. मी चार दिवस भाजी निवडताना, कपडे धुताना तेच घोळवत होते. आणि परवा हू वहिनी कुंपणावरून ओरडली, "काय गं, नवमीला आमच्या फेंगला आणायला तिचा बाप जाणार आहे, बोरं आहेत का तुझ्याकडे केकला?" आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

नवमीला सगळ्या लेकी माहेरी येतात. कुणी ना कुणी बाप, भाऊ नवमीचा वाफवलेला केक घेऊन न्यायला जातो. ज्या पोरीला न्यायला कुणी येत नाही, ती सासरी काय करते, मला विचार. माझी आई लवकर गेली, बापानं दुसरी केली, मला एकदाही मूळ आलं नाही. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहायचं. कुठे गाडीचं खुट्ट वाजलं की कान टवकारायचे. सासरच्या बायका आडून आडून विचारणार, "काय गं, अजून नाही कुणी आलं?" आणि आपण म्हणायचं, यंदा त्यांच्याकडे कापणी फार आहे.

तुझे आईबाप नाहीत. भाऊ आहे, पण तो भावजयीच्या मुठीत. जिनं तुझ्या अंगावरचा सुतकाचा पांढरा कपडा उतरायच्या आत तुझं दुसरं लग्न ठरवलं, ती केकचा तुकडा तरी पाठवेल का? यंदा नव्या घरात तुझी पहिली नवमी. पहिल्याच नवमीला न्यायला कुणी आलं नाही, तर तुझी किंमत तिथे काय राहील ते मी सांगायला नको.

म्हणून माझं ऐक. सून म्हणून येऊ नकोस, पाहुणी म्हणून येऊ नकोस. लेक म्हणून ये. हे घर सासर होतं, ते आता माहेर समज. मला लेक नाही, तुला आई नाही. यात कुणाचं काय जातं?

खांगला आणि त्याच्या आईला सरळ विचार. चोरून येऊ नकोस, चोरून आलेल्या लेकीला माहेरवाशीण म्हणत नाहीत.

मानत्सांगची आई

ता.क. खमिराच्या विटा झकास झाल्या आहेत. तुझ्याच मापानं केल्या. माझ्या मापापेक्षा पाला जास्त पडला, पण वास चांगला सुटलाय. मान्य करते.


आठवा महिना, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी

सूवेन,

तुझ्या सासूचा निरोप वाचला. तू शब्द न् शब्द उतरवून पाठवलास ते बरं केलंस. पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं पित्त खवळलं. "मेलेल्या नवऱ्याच्या घरी सणाला जाणं म्हणजे अपशकुन," म्हणे. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा पुढचं नीट दिसलं. "लेक मानतात ना, मग लेकीला न्यायला बाप येतो. बापानं केक घेऊन माझ्या दारात यावं, मी स्वतः तिचं गाठोडं बांधून देईन. पत्रातलं माहेर मला नको."

बाई खमकी आहे. मला आवडली. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तिला माझ्यावर शंका नाही, तिला म्हाताऱ्यावर शंका आहे, आणि ती खरी आहे.

काल पौर्णिमेचं जेवण झालं. चंद्र चांगला मोठा होता, म्हाताऱ्याला दोन घोट मिळाले होते. म्हटलं हीच वेळ.

मी म्हटलं, "नवमीला पोरीला आणायला जा."

"कुठली पोर? आपल्याला पोर नाही."

"होती ती तुम्ही घालवलीत."

"तिनं लग्न केलं."

"मग काय जन्मभर तुमचं तोंड बघत बसायची होती? मी बसलेय तेवढं पुरे नाही का?"

मग मी आपलं शांतपणे सांगितलं, की तिला न्यायला कुणी नाही, पहिली नवमी आहे, आणि तिच्या सासूनं बापालाच बोलावलंय. त्यानं वाटी खाली ठेवली.

"बरणी उघडायची नाही," म्हणाला.

आता बघ, बरणीचा विषय मी काढलाच नव्हता. मी म्हटलं, "बरणी नवमीला उघडायचीच असते. वर्ष झालं की ती राहू देत नाहीत."

"ती उघडली की संपली," तो म्हणाला. "एका दुपारी चार माणसं पिऊन मोकळी होतील. मग काय राहिलं त्याचं?"

"त्याची बायको राहिली," मी म्हटलं.

उठला आणि गोठ्यात गेला. बैलाशी बोलायला.

मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. पण त्याचं सगळं तुझ्या डोक्यावर फुटावं, हे मला मान्य नाही. मी सोडणार नाही, तूही धीर सोडू नकोस. सासूला म्हण, विचार चाललाय.

मानत्सांगची आई


नववा महिना, चौथी

सूवेन,

नाही म्हणतो. रोज विचारते, रोज नाही. आज म्हणाला, "मी गेलो आणि तिनं दार लावलं तर?" मी म्हटलं, "लावेल. तुम्ही बोललात तसं बोलल्यावर कुणीही लावेल." हे मी बोलायला नको होतं. तेव्हापासून गोठ्यातून बाहेर आलेला नाही.

मी स्वतः आले असते. पण आई न्यायला येत नाही, आणि तुझ्या सासूनं अट घातलीय ती मोडून आले, तर तुलाच टोमणे ऐकावे लागतील. हू वहिनीच्या नवऱ्याला विचारून बघितलं. तो म्हणाला, "मी तिचा कोण?" खरंच आहे.

तू नवमीला दुपारपर्यंत वाट बघ. नाही कुणी आलं, तर डोकं दुखतंय म्हण. मला माफ कर असं लिहिणार होते, पण अजून दिवस आहेत.

मानत्सांगची आई


नववा महिना, आठवी, सकाळ

सूवेन,

हे पत्र बसवाल्यानं दिलेलं नाही. कुणी दिलं ते तुला दिसतंच आहे. त्याला आधी बसायला सांग, पाणी दे, आणि हे शेवटपर्यंत वाच. तुझं वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी त्याला बजावलंय, आणि न बोलणं त्याला चांगलं जमतं.

काल मी गोठ्यात बरणी पुसायला गेले. म्हटलं, कुणी येवो न येवो, नवमीला धूळ नको. फडकं फिरवलं आणि हात थांबला. तोंडावरची माती पिवळी होती.

माथ्यावरची माती कशी असते तुला माहीत आहे, तांबडीलाल, सुकली की विटेसारखी. ही विहिरीमागची, घराला लिंपतो ती. आणि मधोमध मानत्सांगचा अंगठा होता तो नाही. तिथे चार बोटं सपाट फिरवलेली. सूवेन, मी त्या बोटांना ओळखते. करंगळी वाकडी आहे.

मी हाक मारली तशी म्हातारा आला. दारातच थबकला.

"हे कुणी केलं?"

"उंदरांनी."

"उंदीर माती लिंपायला कधी शिकले?"

तो गव्हाणीच्या कडेला बसला. बैलानं त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं, त्यानं ढकललं नाही. मग हळूहळू सांगायला लागला. नव्या वर्षाच्या दिवशी पहिल्यांदा उघडली. एकदाच, म्हणून. त्यानंतर अधूनमधून. मग रोज.

"शेवंती खुडून आला की त्याच्या हाताला वास यायचा," म्हणाला. "धुतले तरी यायचा. लहानपणी खांद्यावर बसवायचो तेव्हा माझ्या कानाला हात धरायचा, तेव्हापासूनचा वास आहे तो. मी माती फोडून पान थोडं उचलायचो, नाक घालायचो, दोन शब्द बोलायचो, परत लिंपायचो. त्याचा कोट तू धुऊन टाकलास. माझ्याकडे दुसरं काय होतं?"

कोट मी धुतला, हे खरं आहे. रक्त होतं त्यावर. त्याला तो तसाच हवा होता, हे मला आजवर कळलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. इतके महिने मी म्हणत होते की हा बैलाशी बोलतो.

मी विचारलं, "प्यायलात?"

"थेंब नाही." माझ्यावरच रागावला. "त्यानं नि तिनं केलेली. तिच्या आधी मी कसा पिऊ?"

ऐकलंस? मी ऐकलं. त्याला बोलून गेल्यावर कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यानं मान खाली घातली.

तिथेच बसून आम्ही दोघांनी माती फोडली. पान काढलं, आणि वास असा नाकात शिरला की दोघंही मागे सरलो. आंबट. रोज वारा लागल्यावर दुसरं काय होणार? दारूचा पार शिरका झाला होता. म्हाताऱ्यानं बोट बुडवून चाटलं आणि रडायला लागला. मी लग्न होऊन आल्यापासून त्याला रडताना बघितलं नव्हतं. मानत्सांगला आणला तेव्हाही तो शिव्याच देत होता. काल रडला. "पोराची शेवटची वस्तू होती," म्हणाला. "ती तुम्हाला पिऊ दिली नाही, आणि मीच नासवली."

मीही रडले, लपवत नाही. पण मग मी पण बोट बुडवलं. आणि सूवेन, तुला सांगते, शिरका फार सुरेख झालाय. आधी आंबट झिणझिणी येते, आणि गिळून झाल्यावर मागून शेवंती येते, थोडी कडसर, गार. मी त्याला म्हटलं, "अहो, दारू राहिली असती तर उद्या-परवा संपली असती. शिरका कुठे संपतो? तळाशी थोडा ठेवायचा, वर दरवर्षी नवी दारू ओतायची, तो तिला आपल्यासारखा करून घेतो. माझ्या आईकडचा शिरका तिच्या आजीचा होता. तुम्हाला बरणी संपू द्यायची नव्हती ना? घ्या, नाही संपत आता."

त्यानं नाक पुसलं. मग म्हणाला, "पण मग आता उघडायचं काही राहिलंच नाही. ती कशाला येईल?"

मला इतका राग आला की पळी जवळ नव्हती हे त्याचं नशीब. म्हटलं, "ती बरणीसाठी येणार होती होय? ती पोर तिकडे नवमीला दाराकडे कान लावून बसणार आहे, कुणी न्यायला येतंय का म्हणून. आणि तुम्ही इथे बसलाय गव्हाणीवर."

त्यानं बैलाच्या अंगावरून हात फिरवला, उठला आणि विचारलं, "गाडी किती वाजता असते?"

मी सांगितलं.

"आणि तिनं दार लावलं तर?"

"तर दाराबाहेर बसा. तिनं कितीदा बसून रडून काढलंय ते ती सांगत नाही. तुम्हीही बसा थोडं."

"बसतो," म्हणाला.

मग कालचा उरलेला दिवस मी केक वाफवत होते. चार थर दिलेत, मधे आपल्या झाडाची बोरं, वर चेस्टनट. चेस्टनट म्हाताऱ्यानं सोलले, अर्धे चिंध्या केले, म्हणून वरून ओबडधोबड दिसतो. तुझ्या सासूला मोठा तुकडा दे आणि सांग, की चव बघा, दिसणं बघू नका. छोट्या बाटलीत शिरका आहे तोही तिचाच. खमकी बाई आहे, तिला आंबट आवडेल.

आज पहाटे त्यानं दाढी केली, दोन ठिकाणी कापून घेतलं. नवा कोट घातला. पिशवीत झूयूच्या झाडाची तांबडी फळं डहाळ्यांसकट भरून घेतली आहेत. तुला म्हणेल, बाजारात विकायला आलो होतो, वाटेत घर लागलं म्हणून आलो. विश्वास ठेवू नकोस, फळं विकायचा बाजार उलट्या दिशेला आहे. त्याची एक डहाळी, इडापीडा टळावी म्हणून, तुझ्या केसांत खोचायला आहे, उद्या डोंगर चढताना.

आणि हे सगळं मी त्याच्या पाठीमागे लिहीत नाही. तो समोर बसलाय, बूट घालून, मघापासून. मी म्हटलं, "मातीचं लिहू की नको?" म्हणाला, "लिही. तिला कळू दे. त्या दिवशी जे बोललो ते परत कसं घ्यायचं, ते मला येत नाही. तू लिहायला शिकलीस, तूच लिही." मी म्हटलं, ते मी लिहिणार नाही, ते ज्याचं त्यानं घ्यायचं. पण तो आला आहे, एवढं मी लिहिते. तुला राग ठेवायचा असेल तर ठेव, तो तुझा हक्क आहे. राग घेऊनच ये. माहेरी येताना कुणी रिकाम्या हातानं येतं का?

खांगला यायचं असेल तर त्यालाही आण. हू वहिनीची सायकल वर्षभर मोडून पडलीय, त्याचा वेळ जाईल.

उद्या आपण माथ्यावर जाऊ. या वर्षी शेवंती दाट आली आहे. मी खुडेन, तू निवड, किडकी फुलं तुझ्या ओटीत टाकायचं काम म्हाताऱ्याला देऊ. तांबडी माती आणू. नवी बरणी तू बंद कर आणि अंगठा तुझा दाब. आणि पुढच्या नवमीला उघडायला तूच ये. आता न्यायला कोण येतं, ते कुणाला विचारावं लागणार नाही.

गाडीचा आवाज खालून येतोय, संपवते. एक शेवटचं. तुझ्या दारात तो काही बोलणार नाही. डबा उघडेल आणि केकचा तुकडा मोडेल. लेकीच्या कपाळाला केक टेकवून मग चल म्हणायचं असतं. मानत्सांगला दर नवमीला मीच टेकवायचे, म्हाताऱ्यानं आयुष्यात कधी कुणाला टेकवलेला नाही. काल मला विचारत होता, कसं करतात, डाव्या हातानं की उजव्या. त्याचा हात थरथरेल.

तू हलू नकोस.

तुझी आई